स्टार्टअप मोजून उद्योजकता कळत नाही

विद्यापीठांत आणि मोठ्या महाविद्यालयांत आता उद्योजकता कक्ष असतो, बऱ्याच ठिकाणी इनक्युबेशन सेंटरही असतं. तपासणीला समिती आली की प्रश्न हमखास येतो: तुमच्या विद्यार्थ्यांनी आतापर्यंत किती स्टार्टअप काढले? आकडा मोठा असला की अभ्यासक्रम यशस्वी, लहान असला की शिकवण्यात काहीतरी कमी पडलं, असं सगळेच धरून चालतात. शिक्षकही मग त्या आकड्याच्या मागे लागतात आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून घाईघाईने कंपन्या नोंदवून घेतल्या जातात. मला हे घातक वाटतं. या विषयावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर जे संशोधन झालं आहे, त्याचा निष्कर्ष या हिशेबाच्या जवळजवळ उलटा आहे.

विषय तसा जुना आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये माइल्स मेस यांनी १९४७ साली नव्या उद्योगांच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा वर्गात १८८ विद्यार्थी होते. पुढची तीस-चाळीस वर्षं संशोधक बहुतेक एवढंच लिहीत राहिले की कोणत्या विद्यापीठात काय शिकवलं जातं. ‘या शिकवण्याचा नेमका परिणाम काय होतो’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने २००० नंतर ऐरणीवर आला, आणि तो काटेकोरपणे तपासायला लागल्यावर बऱ्याच समजुती डळमळीत झाल्या.

‘धंदा रक्तातच असावा लागतो’

मराठी घरात ही समजूत फार खोल आहे. ‘आपल्याकडे कोणी केलाय धंदा?’ या एका वाक्याने कितीतरी मुलांची उमेद मोडली आहे. घरात धंदा असलेल्यांची मुलं धंद्यात जास्त जातात, हे खरंच आहे. पण का जातात? स्वीडनमधल्या दत्तक मुलांच्या नोंदी वापरून लिंडक्विस्ट, सोल आणि व्हॅन प्राग या संशोधकांनी २०१५ मध्ये याचं उत्तर दिलं. आईवडील उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. मात्र दत्तक मुलांमध्ये जन्मदात्या आईवडिलांचा जेवढा प्रभाव दिसला, त्याच्या सुमारे दुप्पट प्रभाव वाढवणाऱ्या आईवडिलांचा होता. म्हणजे रक्ताचा वाटा आहे, पण ज्या घरात गल्ला कसा सांभाळतात, उधारी कशी वसूल करतात हे रोज दिसतं, त्या घराचा वाटा मोठा आहे. आणि जे पाहून शिकता येतं, ते घराबाहेरही शिकवता येण्याजोगं असतं.

याचा पुरावा आपल्या देशातच साठ वर्षांपूर्वी मिळाला होता. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्क्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याचे व्यापारी आणि छोटे उद्योजक निवडले आणि हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत त्यांची सुमारे दहा दिवसांची शिबिरं घेतली. शिबिरात हिशेब किंवा कर्जाचे अर्ज नव्हते. स्वतःपुढे पेलेल असं ध्येय ठेवणं आणि झालेल्या चुकांचा माग काढणं यावर भर होता. पुढची काही वर्षं या लोकांवर लक्ष ठेवलं, तेव्हा शिबिर न केलेल्यांपेक्षा त्यांनी जास्त नवे व्यवसाय काढले, जास्त गुंतवणूक केली आणि जास्त लोकांना काम दिलं, असं दिसलं. मॅक्क्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी १९६९ मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने मांडलं. गुजरातेत १९७० पासून नवउद्योजकांची प्रशिक्षणं सुरू झाली, १९८३ मध्ये अहमदाबादला याच कामासाठी संस्था उभी राहिली, १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आलं. हे सगळं ‘उद्योजक घडवता येतो’ याच विश्वासावर उभं आहे.

‘अभ्यासक्रम केला की उद्योजक व्हावंसं वाटतं, सर्वेक्षणांनी हे सिद्धच झालंय’

ही सर्वेक्षणं कशी होतात ते आधी पाहू. शेवटचा तास. ज्या प्राध्यापकांनी सत्रभर शिकवलं, तेच फॉर्म वाटतात. त्यावर ‘उद्योजक होण्यासाठी मी काहीही करायला तयार आहे’ अशा धाटणीची विधानं आणि पुढे एक ते सात आकडे. सर समोर उभे, शेजारी मित्र, डोक्यात काल ऐकलेलं यशस्वी माजी विद्यार्थ्याचं भाषण. मुलं सहावर किंवा सातवर खूण करतात. ही मुलं बहुधा स्वतःहून विषय निवडून आलेली असतात, म्हणजे त्यांना आवड आधीपासूनच होती. त्यांची तुलना कोणाशी करायची, हेही अनेकदा ठरलेलं नसतं. अशा शेकडो अभ्यासांवर हा विषय कित्येक वर्षं उभा होता.

बे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असे ७३ अभ्यास, एकूण ३७,२८५ जणांची माहिती, एकत्र करून पाहिली. उद्योजकतेचं शिक्षण आणि उद्योजक होण्याची इच्छा यांतला सहसंबंध निघाला ०.१४, म्हणजे अगदी किरकोळ. आणि अभ्यासक्रमाआधी कोणाची इच्छा किती होती हे जमेस धरल्यावर तर तो फरक जवळजवळ उरलाच नाही. त्याच सुमारास मार्टिन, मॅकनॅली आणि के यांनी ४२ नमुन्यांचा असाच धांडोळा घेतला. शिक्षणाचा फायदा त्यांना दिसला, पण सोबत हेही दिसलं की ज्या अभ्यासांची पद्धत ढिली, त्यांत फायदा फुगलेला.

पद्धत घट्ट केली की काय होतं, याचं उत्तम उदाहरण नेदरलँड्समधल्या अव्हान्स या व्यावसायिक महाविद्यालयाचं. तिथे ‘मिनी कंपनी’ नावाचा उपक्रम होता. विद्यार्थ्यांचा गट वर्षाच्या सुरुवातीला शेअर विकून भांडवल जमवतो, आपल्यातून संचालक निवडतो, वस्तू तयार करून बाजारात विकतो आणि वर्षअखेरीस कंपनी बंद करून भागधारकांचा हिशेब चुकता करतो. जगभर नावाजलेला उपक्रम. योगायोग असा की महाविद्यालयाच्या एका शाखेत तो होता आणि दुसऱ्या शाखेत नव्हता, त्यामुळे तुलना आयतीच मिळाली. ऊस्टरबेक, व्हॅन प्राग आणि आयसेलस्टाइन यांनी २०१० मध्ये निष्कर्ष छापले: मुलांना स्वतःच्या कौशल्यात काही भर पडल्यासारखं वाटलं नाही, आणि उद्योजक होण्याची इच्छा चक्क कमी झाली. त्याच वर्षी म्युनिक विद्यापीठातल्या सक्तीच्या अभ्यासक्रमावरचा अभ्यास आला. तिथेही सरासरी इच्छा किंचित उतरली, मात्र आपल्याला कौशल्य आलं असं मुलांना वाटत होतं. आपण या वाटेचे आहोत की नाही, याचा अंदाज मुलांना आधीपेक्षा चांगला येऊ लागला होता.

‘म्हणजे अभ्यासक्रम फसला’

इथेच खरी मेख आहे, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच मुद्द्यावर. वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला वर्गातल्या वर्गात, काही हजार रुपयांत आणि एका सत्रात कळलं की हे आपलं काम नाही, तर त्यात नुकसान कोणाचं झालं? तेच कळायला पाच वर्षं आणि वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड खर्ची पडला असता, तर ते नुकसान.

हार्वर्डमध्ये एमबीएचे विद्यार्थी सुमारे नव्वद जणांच्या तुकड्यांत विभागले जातात, आणि कोण कुठल्या तुकडीत जाईल हे विद्यार्थ्यांच्या हातात नसतं. जॉश लर्नर आणि उलरिके माल्मेंडिअर यांनी याचा उपयोग करून घेतला. काही तुकड्यांत आधी स्वतःचा उद्योग करून आलेले सहाध्यायी जास्त पडले, काहींत कमी. अनुभवी मित्र जास्त असलेल्या तुकडीतून जास्त उद्योजक निघतील, असं कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात कमी निघाले. पण जे कमी झाले, ते प्रामुख्याने बुडालेले उद्योग होते. यशस्वी झालेल्यांच्या संख्येला धक्का लागला नाही. ज्याने एकदा पगाराची तारीख चुकवली आहे, असा मित्र कट्ट्यावर बसून तुमच्या कल्पनेला दोन नेमके प्रश्न विचारतो आणि कच्ची कल्पना तिथल्या तिथे गळून पडते. हे काम पाहुण्यांच्या भाषणाने होत नाही.

स्टॅनफर्डच्या माजी विद्यार्थ्यांवर ईझ्ली आणि ली यांनी २०२१ मध्ये छापलेला अभ्यास याच अंगाने जातो. विद्यापीठातल्या उद्योजकता कार्यक्रमांमुळे कंपन्या काढणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. पण बिझनेस स्कूलच्या कार्यक्रमामुळे निघालेल्या कंपन्या बुडण्याचं प्रमाण घटलं आणि त्यांची उलाढाल वाढली. समितीच्या रकान्यात हा कार्यक्रम नापास ठरला असता.

परिणाम दिसायला वेळही लागतो. स्वीडनमध्ये शाळेत असताना अशीच मिनी कंपनी चालवलेल्या मुलांचा शाळा सोडल्यानंतर १६ वर्षांपर्यंत माग ठेवला गेला. इतक्या लांबून पाहिल्यावर त्यांनी इतरांपेक्षा जास्त उद्योग काढल्याचं आणि त्यातून जास्त कमावल्याचं दिसलं. उद्योग टिकण्यात मात्र फरक नव्हता. नेदरलँड्सचा निष्कर्ष आणि हा निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. मला तसं वाटत नाही. आंब्याची कलमं लावून पहिल्याच वर्षी फळं मोजायला जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. नबी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १५९ संशोधन लेख चाळले, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार हीच होती: बहुतेकांनी मुलांची इच्छा आणि दृष्टिकोन लगोलग मोजले, पुढे काय झालं ते पाहायला फार थोडे थांबले.

‘बिझनेस प्लॅन लिहिता आला की झालं’

आपल्याकडे अभ्यासक्रमाचा शेवट प्रकल्प अहवालाने होतो. पन्नास पानं, पाच वर्षांचे अंदाज, सुबक बांधणी. बँकेत कर्ज मागायला तो लागतोच, त्यामुळे टाकाऊ म्हणता येत नाही. बॅब्सन महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या ११६ उद्योगांचा अभ्यास नेमकं हेच सांगतो: मोठं भांडवल बाहेरून उभं करायचं नसेल, तर सुरुवातीला लेखी आराखडा असलेल्यांची आणि नसलेल्यांची पुढची कामगिरी सारखीच. दुसऱ्या बाजूला, अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर नियोजनाचा फायदा दिसतो, फक्त तो चालू उद्योगांत जास्त आणि नव्या उद्योगांत कमी. नव्याला गिऱ्हाईक कोण हेच अजून ठाऊक नसतं, त्यामुळे त्याचा आराखडा अंदाजांवर उभा असतो.

मग शिकवायचं काय? हर्बर्ट सायमन यांच्या विद्यार्थिनी सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एका काल्पनिक कंपनीचे प्रश्न सोडवायला दिले आणि विचार करताना मोठ्याने बोलायला सांगितलं. हे लोक आधी ध्येय ठरवून साधनं शोधत नव्हते. हाताशी काय आहे, ओळखीचं कोण आहे आणि बुडालं तर किती झेपेल, इथून ते सुरुवात करत होते. २००१ मध्ये मांडलेला हा विचार आज जगभर शिकवला जातो. इटलीत कामुफो आणि सहकाऱ्यांनी ११६ स्टार्टअपचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. दोन्ही गटांना प्रशिक्षण तेच, फक्त एका गटाला आपली कल्पना प्रयोगशाळेतल्या गृहीतकासारखी तपासायला शिकवलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले: तपासणाऱ्यांनी कल्पना जास्त वेळा बदलल्या, आणि त्यांची कमाईही जास्त होती.

टोगो देशातला प्रयोग विद्यापीठातला नाही, पण शिक्षकांनी तो जरूर वाचावा. लोमे शहरातले १५०० छोटे व्यावसायिक, पाचशेचे तीन गट. एकाला नेहमीचं प्रशिक्षण: हिशेब, विक्री, पैशांचं व्यवस्थापन. दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याचं, अडचणीला न डगमगण्याचं आणि पुढचा विचार करण्याचं प्रशिक्षण. तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकाराच्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या गटाची ११ टक्क्यांची वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर ग्राह्य ठरली नाही. लग्नाचे पोशाख भाड्याने देणाऱ्या एका बाईने प्रशिक्षणानंतर त्याच्या जोडीला हातमोजे आणि ओढण्याही ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दारात आलेलंच होतं. त्याला आणखी काय लागेल, हे तिने विचारायला घेतलं. काकीनाड्याच्या शिबिराचा धागा इथे पुन्हा सापडतो.

‘कॉलेजातच सुरू केलं नाही तर उशीर झाला’

अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय ४५ होतं, असं अझुले आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, नांगर केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते.

या सगळ्या संशोधनातून जे सुचतं, त्यातलं बरंच काही आपल्या विद्यापीठांना खर्चाशिवाय करता येईल. अनुभवी, विशेषतः धंद्यात हात पोळलेले स्थानिक लोक भाषणाला न बोलावता मुलांच्या कल्पना तपासायला दर आठवड्याला बसवता येतील. इनक्युबेशनच्या तीस जागांना शंभर अर्ज आले, तर पात्र अर्जांमधून चिठ्ठ्या टाकून निवड करता येईल. कारण मग निवडलेले आणि राहिलेले हे दोन सारखे गट आपोआप तयार होतात. दोन्ही याद्या, फोन नंबरांसह, जपून ठेवाव्यात. पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी सगळ्यांना फोन करून विचारावं: काय करता, किती लोकांना काम दिलंत, काय सोडून दिलंत आणि ते सोडायचं कशावरून ठरवलंत?