कुणकेश्वर मुक्कामी, मालवणच्या पाण्यात: कमी खर्चातले स्कूबा

पाठीवर टाकी बांधून किनाऱ्यावरूनच पाण्यात चालत जायचे आणि छातीभर पाणी झाले की बुडी घ्यायची, हा स्कूबा डायव्हिंगचा सर्वांत स्वस्त प्रकार. यात बोटीचे भाडे आणि इंधनाचा खर्च नाही, दहा जण जमेपर्यंत ताटकळणेही नाही. कॅरिबियन समुद्रातले बोनेअर हे नेदरलँड्सच्या अखत्यारीतले बेट याच प्रकारासाठी जगभर ओळखले जाते. तिथे रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर बुडीच्या जागांची नावे रंगवलेली असतात. पाहुणे मोटार भाड्याने घेतात, मागे टाक्या टाकतात आणि आवडेल त्या दगडापाशी उतरतात. या स्वस्ताईमागे भूगोल आहे. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे बेटाचा पश्चिम किनारा आडोशाला आणि शांत राहतो. पाऊस कमी आणि मोठी नदी नाही, म्हणून पाण्यात गाळ उतरत नाही. प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून पोहत जाता येईल इतकी जवळ आहे. शिवाय १९७९ पासून तिथला समुद्र संरक्षित आहे आणि प्रवाळावर नांगर टाकायला बंदी आहे.

देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला यातली एकही गोष्ट लागू पडत नाही. मंदिराच्या पायथ्याशी सुरू होणारी वाळूची पुळण देखणी आहे, पण ती थेट अरबी समुद्राच्या तोंडावर आहे. लाट किनाऱ्यावर फुटते, वाळू ढवळते आणि कमरेइतक्या पाण्यातही स्वतःचे पाय दिसत नाहीत. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस लहान लहान नद्यांवाटे तांबडी माती समुद्रात आणून ओततो. वाळूवर प्रवाळ रुजत नाही, त्याला पक्का खडक लागतो. तेव्हा कुणकेश्वरच्या पुळणीवरून टाकी बांधून आत शिरण्यात कष्ट आणि धोका दोन्ही आहेत, पाहायला मात्र काही नाही. मुक्काम कुणकेश्वरला आणि बुडी मालवणला, ही या भागातल्या स्वस्त सहलीची खरी मांडणी.

मिठबाव, आचरा या वाटेने मालवणला पोहोचायला सव्वा-दीड तास लागतो. तिथे समुद्राचा तळ वेगळा आहे. ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्या भोवती पाण्याखाली खडकांची रांग पसरलेली आहे. किल्ला आणि शेजारचा पद्मगड यांच्या आसपासच्या या उथळ खडकांवर प्रवाळ वाढते. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. बोटीने अवघ्या काही मिनिटांत खडक गाठता येतो आणि खोली जेमतेम सहा ते दहा मीटर, म्हणूनच इथली बुडी स्वस्त पडते. पाण्यात घुमटासारखे वाढलेले टणक प्रवाळ, समुद्रफुले, पट्टेरी मासे आणि खडकाच्या कपारीत दबा धरून बसलेला गोबरा दिसतो. बोनेअरसारखी तीस मीटरपर्यंतची स्वच्छ नजर इथे मिळत नाही. चांगल्या दिवशीही दहा मीटरपर्यंत क्वचितच दिसते, आणि वाईट दिवशी हाताच्या अंतरापलीकडे सगळे हिरवट धुके असते.

म्हणूनच या सहलीत पैशापेक्षा दिवसाची निवड जास्त मोलाची ठरते. जून ते ऑगस्ट हा व्यवसाय बंदच असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाचा गाळ हळूहळू खाली बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत भरवशाचा. मार्चनंतर दुपारचे वारे जोर धरतात आणि मे महिन्यात सुट्टीची गर्दी येते.

महिना ठरला की तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते-उतरते, प्रवाह वेगवान होतो आणि तळ ढवळला जातो. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाण्याची ये-जा मंद असते आणि नजर लांब जाते. भरतीची वेळ काढण्याचा कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री साधारण सव्वाआठला पूर्ण भरती. भरतीबरोबर बाहेरचे स्वच्छ पाणी आत येते आणि पूर्ण भरतीच्या वेळी प्रवाह थोडा वेळ थांबतो. सकाळी मतलई वाऱ्यामुळे समुद्रही सपाट असतो. खारे वारे दुपारी सुरू होतात. या सगळ्याचा मेळ घातला तर शुद्ध किंवा वद्य नवमी ते एकादशीची सकाळ मालवणच्या बुडीसाठी उत्तम निघते. आडाखा ढोबळ आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून तपासून घ्यावी. ज्या घरात दिनदर्शिका भिंतीवर टांगलेली आहे, तिथे हे नियोजन फुकटात होते.

याच हिशेबाने महाशिवरात्र टाळावी. ती वद्य चतुर्दशीला येते, म्हणजे उधाणाच्या तोंडावर. त्या दिवसांत कुणकेश्वरची यात्रा भरते, गावोगावच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानाला येतात आणि राहायला खोली मिळणे कठीण होते. यात्रा पाहायची असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र यावे, ती त्या योग्यतेची आहे.

प्रवासाला कोकण रेल्वेसारखा स्वस्त पर्याय नाही. कुणकेश्वरसाठी कणकवली आणि थेट मालवणसाठी कुडाळ ही सोयीची स्थानके. कोकणकन्या आणि तुतारी या गाड्या दोन्हीकडे थांबतात. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि सुट्टीच्या दिवसांत ते पहिल्याच सकाळी संपते. पुढे एसटी आहे, पण भरतीची सकाळ गाठायची तर पहिल्या गाडीच्या भरवशावर राहण्याऐवजी फक्त बुडीच्या आदल्या रात्रीपुरता मुक्काम मालवण किंवा शेजारच्या तारकर्लीत हलवणे शहाणपणाचे. घरगुती न्याहारी-निवास योजनेतल्या खोल्या हॉटेलपेक्षा स्वस्त असतात आणि जेवण घरचे मिळते.

मालवणात पर्यटकांना मिळते ती बहुतेक वेळा तोंडओळखीची बुडी. तिला पोहता येण्याची अट नसते. प्रशिक्षक सतत धरून असतो आणि पाण्याखालचा वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. दर काही शेकड्यांपासून दोन हजार रुपयांपर्यंत, हंगाम आणि सोयींनुसार बदलतात. ठरवताना चित्रफीत, बोट आणि पोशाख दरात धरले आहेत का हे विचारावे. पॅरासेलिंगसह जोडून दिलेले स्वस्त पॅकेज घेतले की बुडीची वेळ हमखास आखडते. घासाघीस करायची ती खोलीच्या आणि वाहनाच्या भाड्यात करावी. एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती जण, बोटीत क्षमतेइतकीच माणसे आहेत का, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट मिळते का, हे प्रश्न दराच्या आधी विचारायचे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालच्या पंधरा मिनिटांइतकीच परतीची बोटही जोखमीची असते.

टाकीत दाबून भरलेली साधी हवा असते, शुद्ध प्राणवायू नव्हे. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि तो सर्वांत आधी कानाला जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कान मोकळे होतात. दुखू लागण्याच्या आधीच हे करत राहावे लागते. सर्दी झाली असेल तर कान मोकळे होत नाहीत, अशा वेळी पैसे बुडाले तरी बुडी रद्द करावी. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टर, मग समुद्र. प्रवाळाला हात लावू नये. ते सजीव आहे, वर्षाला फार थोडे वाढते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाइतके संरक्षण दिलेले आहे.

ज्यांना टाकीचा खर्च नको त्यांना नळी-मुखवट्याचे स्नॉर्केलिंग आहे. खडक उथळ असल्यामुळे वरूनही बरेच दिसते. वारंवार जाणाऱ्याने पहिली खरेदी मुखवट्याची करावी. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढायचा, चिकटून राहिला तर माप बरोबर. कुणकेश्वरलाही किनाऱ्यावरून समुद्रजीवन पाहता येते, फक्त ते ओहोटीला. मंदिराजवळचे खडक उघडे पडतात तेव्हा त्यांच्या खळग्यांत समुद्रफुले, खेकडे, कालवे आणि छोटे मासे अडकून राहतात. यासाठी उधाणाची ओहोटी उत्तम. बुडीला जी तिथी वाईट, ती इथे चांगली.

गोडी लागली तर पुढची पायरी प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाची. राज्य पर्यटन विकास महामंडळाची तारकर्लीतली स्कूबा प्रशिक्षण संस्था त्यासाठी जवळची. तीन-चार दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमानंतर १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते. त्याच कोकण रेल्वेने मुरुडेश्वरला उतरून नेत्राणी बेटाचे अधिक स्वच्छ पाणी गाठता येते. किनाऱ्यावरून चालत जाऊन घ्यायची बुडी मात्र अंदमानात, स्वराज द्वीपच्या किनाऱ्यावर आहे. बोनेअरला जाण्याआधी भारतीयाने ती घ्यावी, विमानभाड्यातला फरकच पुष्कळ आहे.

परतीची घाई नको. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसायचे नसते. चिपी विमानतळावरून जाणाऱ्यांनी शेवटची बुडी त्याप्रमाणे आखावी. कोल्हापूर-बेळगावकडच्या मोटारवाल्यांनाही हे थोडे लागू होते: घाटवाटेवरची आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. एका उथळ बुडीनंतर घाट चढायला सहसा हरकत नसते, पण लागोपाठ खोल बुड्या घेतलेल्यांनी ती रात्र किनाऱ्यावरच काढून सकाळी निघावे.