तुमचा फोन अडकत नाहीये! मग 'आयर्न मॅन' ॲनिमे असा का दिसतो?

मित्रांनो, आधी माझाच मूर्खपणा सांगतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना रूममेटच्या सांगण्यावरून मी फोनवर 'आयर्न मॅन' ॲनिमे लावला. मार्व्हलच्या कॉमिकवरून जपानच्या मॅडहाउस स्टुडिओने २०१० मध्ये केलेली १२ भागांची मालिका. टोनी स्टार्क आर्क रिॲक्टरचं वीज केंद्र उभारायला जपानला जातो आणि तिथे राडा सुरू होतो. स्टोरी मस्त, पण मला वाटलं व्हिडिओ अडकतोय. ओठ हलतायत, बाकी चेहरा ढिम्म. हात इथून एकदम तिथे.

कॅशे क्लिअर केली, प्लेअर बदलला, शेवटी सरळ फॅक्टरी रीसेट मारला. बॅकअप घेतला नव्हता. आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो त्यात होते, ते गेले. आणि व्हिडिओ? होता तसाच.

कारण फोनमध्ये बिघाड नव्हताच. ॲनिमे बनतोच तसा.

व्हिडिओत सेकंदाला २४ फ्रेम असतात. पण ॲनिमेत प्रत्येक फ्रेमसाठी नवं चित्र काढत नाहीत. एकच चित्र दोन फ्रेम ठेवलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात, तीन फ्रेम ठेवलं तर ८. हिशोब करून बघा: २२ मिनिटांच्या भागात ३१,६८० फ्रेम होतात. दर आठवड्याला एवढी चित्रं हाताने कोण काढणार? म्हणून बोलताना फक्त ओठ हलवायचे आणि मागचं चित्र नुसतं सरकवायचं.

ही काटकसर टीव्हीवर रुजवली ओसामु तेझुका यांच्या 'ॲस्ट्रो बॉय'ने, १९६३ साली. गंमत म्हणजे आयर्न मॅन अमेरिकन कॉमिकमध्ये पहिल्यांदा आला तोही १९६३ मध्येच. आणि मॅडहाउस काढणारी मंडळी तेझुकांच्याच स्टुडिओतून बाहेर पडलेली!

पण नुसती काटकसर म्हणून सोडून देऊ नका. ठोसा मारायच्या आधी पात्र क्षणभर गोठतं, मग दोन-तीन चित्रांत हात समोरच्याच्या तोंडावर. त्या थांबण्यामुळेच ठोसा जड वाटतो. कॉमिकच्या चौकटीत मधली हालचाल आपण मनात भरतो ना, तसंच काहीसं. हॉलिवूडनेही हे उचललं. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये नवशिका माइल्स बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १२ चित्रांवर हलतो, आणि तो सिनेमा तर कॉम्प्युटरवर केलेला आहे. म्हणजे तिथे चित्रं वाचवायचा प्रश्नच नव्हता.

आता खरी भानगड. बऱ्याच टीव्हींमध्ये आणि काही फोनमध्ये मोशन स्मूदनिंग असतं. कंपनीनुसार नाव बदलतं: ट्रूमोशन, मोशनफ्लो, एमईएमसी. हे फीचर दोन फ्रेम बघून मधली फ्रेम स्वतःच अंदाजाने बनवतं. क्रिकेटला ठीक आहे. ॲनिमेत मात्र दोन चित्रांमध्ये मोठी उडी असते, रंग सपाट आणि कडा काळ्या. अंदाज चुकला की बोटं वितळल्यासारखी दिसतात. अंदाज बरोबर आला तरी तो गोठलेला क्षण पातळ होतो आणि ठोसा हवेत पोहल्यासारखा जातो. एआय वापरून '६० एफपीएस' केलेल्या क्लिप फिरतात ना, त्यांचंही हेच. माझ्या मते तो अपग्रेड नाही, बिघाड आहे.

त्यामुळे टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये किंवा फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करा. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. १२० हर्ट्झचा डिस्प्ले बिनधास्त चालू ठेवा, कारण २४ ने १२० ला पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दिसते. ६० हर्ट्झवर एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा, असं चालतं. त्यामुळे कॅमेरा आडवा सरकताना थोडा हिसका जाणवतो. तोही फोनचा दोष नाही.

विश्वास बसत नसेल तर लॅपटॉपवर यूट्यूबला एखाद्या ॲनिमेचा अधिकृत ट्रेलर लावा, पॉज करा आणि कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण एकेकदा दाबत जा. प्रत्येक दाबाला एक फ्रेम पुढे जाते. चित्र किती दाबांनी बदलतं ते मोजा आणि खाली कमेंटमध्ये सांगा. आणि हो, फोन रीसेट करायच्या आधी बॅकअप घ्या रे बाबांनो.