टाकसाळीची चूक की हातची करामत?

व्यापाऱ्याच्या गल्ल्यात कधी एखादे विचित्र नाणे येते. त्याच्या दोन्ही बाजूंना सिंहमुद्राच असते, किंवा कड चंद्रकोरीसारखी तुटलेली असते. मग घरात दोन पक्ष पडतात. एकाच्या मते ती टाकसाळीची दुर्मीळ चूक, दुसऱ्याच्या मते कोणाची तरी करामत. हा वाद अंदाजाने सुटत नाही. नाणे घडते कसे, हे पाहावे लागते.

धातूच्या पट्टीतून प्रथम कोऱ्या चकत्या कापल्या जातात, त्यांची कड उचलली जाते आणि मग कड्यात धरलेल्या चकतीवर दोन ठशांचा एकाच वेळी दाब पडतो. खरी चूक यांपैकी एखाद्या पायरीवर घडते आणि आपली खूण मागे ठेवते. पट्टीवरील आधीच्या छिद्रावरच कापणी झाली, तर चकतीला चंद्रकोरीची खोक पडते. अशा नाण्याची समोरची कड बहुधा पुसट उमटते. कानशीने कापलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठसठशीत राहते.

आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याचे उलटे, खोलगट प्रतिबिंब उमटते. शेगड्यात दोन नाणी दाबून याची नक्कल करतात. पण तीत मूळ नक्षीचे अवशेष डोकावतात आणि दुसरी बाजू चेपलेली असते. दोन सिंहमुद्रांची नाणी बहुधा दोन नाणी कोरून जोडलेली असतात. भिंगाखाली कडेच्या आत सांधा दिसतो, आणि आपटल्यास नाद बद्द येतो.

वजनकाटा हा पहिला साक्षीदार. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ साली निघालेले पाच रुपयांचे नाणे अनेक जैन घरांत जपलेले आहे. ते तांबे-निकेलचे, ९ ग्रॅम वजनाचे आणि २३ मिलिमीटर व्यासाचे आहे. अशा अधिकृत मापांशी ताडून पाहिल्यास निम्मा वाद तेथेच मिटतो. उरलेल्यासाठी जाणकार नाणेपारख्याचे मत घ्यावे.

मोहाचा धोका दुहेरी असतो. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. दुसरा धोका स्वतः विक्रेता होण्याचा. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे: अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपवणे. शंका असताना 'अस्सल चूक' म्हणून नाणे विकणे त्याच्या फार दूर नाही. संशय असेल तर तो गिऱ्हाइकाला आधी सांगावा. किंमत कमी येईल, पण पेढीची पत शाबूत राहील. आणि ती कोणत्याही टाकसाळीत पाडून मिळत नाही.