क्लिकचा लिलाव
(लेखांक ६ : लहान सर्च इंजिनांवरच्या जाहिराती)

गुगलवर जाहिरातीचा क्रम कसा ठरतो, ते आपण गेल्या आठवड्यात पाहिले. पण क्लिकमागे पैसे घेण्याची ही रीत रूढ केली ती एका लहान सर्च इंजिनाने.

१९९८ साली कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे बिल ग्रॉस यांच्या आयडियालॅबमधून गोटू डॉट कॉम निघाले. तेव्हा इंटरनेटवरची जाहिरात बहुतेक करून हजार वेळा दाखवण्याच्या भावाने विकली जाई. ती कोणी वाचली की नाही, याच्याशी दराचा संबंध नसे. ग्रॉस यांनी शब्दांचा लिलाव मांडला. बोली एका सेंटपासून सुरू. ज्याची बोली मोठी त्याची लिंक वर, आणि पैसे द्यायचे ते कोणी क्लिक केले तरच. कोण किती मोजतोय तो आकडा लिंकशेजारी शोधणाऱ्यालाही दिसे. हा उघडेपणा मला फार मोलाचा वाटतो. आज गुगल किंवा बिंगवर तो मिळत नाही.

पण जितकी बोली तितकेच पैसे, या नियमाने घोळ केला. दोन दुकानदार एका शब्दावर भिडले की बोली सेंटासेंटाने चढे. परवडेनाशी झाली की एकजण एकदम खाली उतरे, दुसरा त्याच्या जेमतेम वर येऊन थांबे आणि चढाओढ पुन्हा सुरू होई. २००२ मध्ये गुगलने क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हा नियम बदलला: खालच्या स्पर्धकाच्या वर राहायला लागतील तेवढेच पैसे, शिवाय क्रम लावताना लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात, तेही धरायचे. गोटूचे २००१ मध्ये ओव्हर्चर झाले आणि २००३ मध्ये याहूने ते विकत घेतले. ओव्हर्चरने गुगलवर लावलेला पेटंटचा दावा २००४ मध्ये मिटला, तो गुगलने याहूला २७ लाख शेअर दिल्यावर.

आजच्या लहान इंजिनांपैकी अनेकांकडे स्वतःचा लिलावच नाही. डकडकगोवर दिसायचे असेल तर खाते मायक्रोसॉफ्टकडे उघडावे लागते. बोली लावणारे कमी, म्हणून तिथे क्लिक बहुधा स्वस्त पडते. मात्र त्याच खात्यातून जाहिरात मायक्रोसॉफ्टच्या भागीदार साइटवरही जाते, आणि क्लिकच्या पैशात भागीदाराचा वाटा असल्याने खोट्या क्लिकचा मोह तिथे कायम असतो. (मोठेही यातून सुटलेले नाहीत: अशाच क्लिकवरून झालेल्या दाव्यात गुगलने २००६ मध्ये ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली.) म्हणून कोणत्या साइटवरून किती क्लिक आले याचा अहवाल दर आठवड्याला उघडा आणि संशयास्पद साइट वगळा. गुगलवरची मोहीम इथे आयती आणता येते, पण बोलीही तशाच आणल्यात तर स्वस्ताईचा फायदा हातचा जाईल.

समजा, गुगलवर क्लिक ४० रुपयांना पडते आणि ५० क्लिकमागे एक ऑर्डर येते: ऑर्डरमागे खर्च २,००० रुपये. लहान इंजिनावर क्लिक १२ रुपयांना, पण ऑर्डर ३०० क्लिकमागे एक: खर्च ३,६०० रुपये. हा फरक क्लिकच्या दरात दिसत नाही. त्यासाठी ऑर्डर नोंदवणारा कोड आपल्या साइटवर हवा, आणि तो बसवण्याआधी एक रुपयाही खर्च करू नये. तो कसा बसवायचा, ते पुढच्या लेखांकात.