लोयांगचा श्वेताश्व विहार

चीनच्या हनान प्रांतात, आजच्या लोयांग शहरापासून पूर्वेला सुमारे 12 किलोमीटरवर, एका विहाराच्या दारात दोन दगडी घोडे मान झुकवून उभे आहेत. परंपरा सांगते, की हान सम्राट मिंग याला स्वप्नात सोनेरी देहाचा पुरुष दिसला. त्याच्या शोधात पश्चिमेला गेलेले दूत काश्यप मातंग आणि धर्मरत्न या भारतीय भिक्षूंना घेऊन परतले. ग्रंथ आले पांढऱ्या घोड्याच्या पाठीवरून. इ.स. 68 मध्ये त्यांच्यासाठी हा श्वेताश्व विहार बांधला गेला, असे मानतात. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

ही कथा जशीच्या तशी स्वीकारायला इतिहासकार तयार नाहीत. विहाराचा जुना लेखी उल्लेख सापडतो तो 289 सालचा, धर्मरक्ष यांनी भाषांतरित केलेल्या एका ग्रंथाच्या टिपणीत. मला स्वतःला स्वप्नाच्या कथेपेक्षा अशा टिपणांतून भेटणारी माणसे मोठी वाटतात.

त्यांतले एक आन शिगाव. 148 च्या सुमारास ते पार्थियातून, म्हणजे आजच्या इराणच्या बाजूने, लोयांगला आले. राजगादी सोडून भिक्षू झालेला हा राजपुत्र होता, असे चरित्रकार सांगतात. श्वासावर लक्ष ठेवण्याच्या साधनेचे ग्रंथ त्यांनी चिनी वाचकांना दिले. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात आनापान शिकलेल्या कुणालाही तो विषय परका वाटणार नाही.

त्यांच्यामागून आले मध्य आशियातल्या युएची वंशाचे लोकक्षेम. ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ या सूत्राच्या त्यांच्या भाषांतराला जोडलेली टीप आजही उपलब्ध आहे. साल 179, दहाव्या महिन्याची आठवी तिथी. मूळ पाठ म्हणणारे भारतीय भिक्षू वेगळे, तो चिनीत सांगणारे लोकक्षेम, ऐकून घेणारा लोयांगचाच मंग युआनशी, मदतीला आणखी दोघे. खर्चाचा भार उचलणाऱ्या सुन ह आणि चोउ थीली यांचीही नोंद आहे. एकट्या पंडिताने दिव्याखाली बसून केलेले हे काम नव्हते. एकाच्या स्मरणातून दुसऱ्याच्या जिभेवर आणि तिथून तिसऱ्याच्या कुंचल्यापर्यंत सूत्र पोचत होते, आणि या साखळीत गावातल्या माणसांचा वाटा परदेशी भिक्षूंइतकाच होता. कुंचला धरणाऱ्याचे नाव जपणाऱ्या त्या परंपरेपुढे मान लवते.

विहाराच्या आजच्या इमारती बऱ्याच नंतरच्या. जवळचा 13 मजली छियुन पॅगोडा 1175 चा. समोर ठरावीक अंतरावर टाळी वाजवली, की बेडकाच्या डरावासारखा प्रतिध्वनी येतो. पश्चिमेच्या बाजूला सांचीच्या धर्तीचा घुमट आणि तोरणे असलेले भारतीय मंदिर आहे. मे 2010 मध्ये राष्ट्रपती म्हणून त्याचे उद्घाटन केले ते आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी.

जायचे तर एप्रिलमध्ये जावे, तेव्हा लोयांगमध्ये पिओनीची फुले बहरात असतात. शीआनहून वेगवान रेल्वेने साधारण दीड तास लागतो. विहार पाहून झाल्यावर लगेच परतीची बस मात्र धरू नये. लोकक्षेम आणि मंग युआनशी ज्या लोयांगमध्ये वावरले, ते आजचे शहर नव्हे. त्या जुन्या राजधानीचे अवशेष विहाराच्या पूर्वेला जवळच आहेत. अर्धा दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवावा.