बांगड्याचा बर्फ, पोरांचा गोळा

मे महिन्यात मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर उभं राहिलं की एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि तोंडाला कोरड. गोळ्याचा गाडा दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. गोणपाटातली लादी काढायची, भुसा झटकायचा, तुकडा किसायचा, काडीभोवती चुरा मुठीत दाबायचा आणि वर कालाखट्टा. ‘रंग जरा जास्त घाल रे!’ ही विनवणी आमच्या लहानपणीही होती.

बर्फ मात्र कोकणचा नव्हे. १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांतला १८० टन बर्फ ‘टस्कनी’ जहाजातून कोलकात्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासात त्यातला साधारण १०० टन उरला. पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकी बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’मध्ये आली. १८४३ मध्ये गोदीजवळ बर्फासाठी खास घर उभं राहिलं. तो श्रीमंतांच्या पेल्यातला बर्फ. गोळा खाणाऱ्या पोरांपर्यंत तो पोचायला कारखाने निघावे लागले.

मालवणच्या किनाऱ्यावर बर्फाचं खरं गिऱ्हाईक मासळी. यांत्रिक होड्या आल्या, सुरमई-पापलेट लांबच्या बाजारात जाऊ लागलं आणि लाद्यांवर लाद्या फुटू लागल्या. आमचा गोळा त्याच बर्फाच्या आडोशाने वाढला. बांगड्याच्या पेटीत गेलेला बर्फ कुठला आणि गाड्यावरचा कुठला, हे तेव्हा कोण विचारतंय! जत्रेत तर गाड्याभोवती उभं राहायलाही जागा नसे.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. तारकर्ली-देवबागला मुंबई-पुण्याची माणसं येऊ लागली. आता गोळा काडीवरून ग्लासात उतरलाय, नाना रंगांचे पाक आलेत. माझं विचाराल तर कोकमाचं आगळ आणि चिमूटभर मीठ, याच्यापुढे बाकी सगळं रंगीत पाणी.

२०१८ पासून राज्यात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. तेव्हा देवबागला गेलात तर पाक निवडण्याआधी लादीकडे एकदा बघा. निळसर दिसली, तर ती बांगड्यांची आहे.