कोंबडीस जागा किती हवी?

द्रोणागिरीच्या डोंगरावरून खाली पाहिले असता, जेथे पूर्वी भातखाचरे व मिठागरे होती तेथे आज बंदराचे धक्के आणि मालाच्या लोखंडी पेट्यांच्या राशी दिसतात. सिडकोची स्थापना १९७० साली झाली व न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. ह्या काळात उरण व पनवेल भागातील पुष्कळ कुटुंबांची जमीन गेली. ज्यांच्यापाशी थोडीफार उरली त्यांस थोड्या जागेत होणारा धंदा म्हणून कुक्कुटपालन सोयीचे वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु थोडी जागा ही मालकाची अडचण. ती पक्ष्याच्या वाट्यास किती यावी, हा प्रश्न निराळा आहे. त्यावर गेल्या साठ वर्षांत बरेच संशोधन झाले व अलीकडे आपल्याकडे नियमही झाले. त्यांचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्या विचाराचा आरंभ इंग्लंडात झाला. १९६४ साली रूथ हॅरिसन ह्या बाईंनी कारखानावजा पशुपालनावर एक पुस्तक लिहिले. त्यामुळे इतका गवगवा झाला की सरकारास ब्रॅम्बेल ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जनावरास उठता, बसता, वळता, अंग साफ करता व अवयव ताणता आले पाहिजेत, असा अभिप्राय ह्या समितीने १९६५ साली दिला. समितीने आणखी एक शिफारस केली होती, ती अशी की पिंजऱ्याच्या तळास षट्कोनी बारीक जाळी नसावी, कारण ती पक्ष्याच्या पायास त्रास देते. पुढे १९७३ साली ह्यूज व ब्लॅक ह्या संशोधकांनी कोंबड्यांपुढे निरनिराळ्या जाळ्या ठेवून निवड त्यांच्यावरच सोपविली, तेव्हा त्यांनी नेमकी तीच निषिद्ध जाळी पसंत केली! विद्वानांची समिती जाळीवर उभी राहिलेली नव्हती, कोंबडी राहिली होती. पक्ष्याचे हित आपल्या तर्काने न ठरविता पक्ष्यासच विचारून ठरवावे, ही रीत अशा प्रयोगांनी रूढ केली.

ह्याच रीतीने कोंबडीस जागा किती लागते हेही मोजले गेले. १९८९ साली डॉकिन्स व हार्डी ह्यांनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांची वरून छायाचित्रे घेऊन मापे काढली. नुसते उभे राहण्यास सरासरी ४७५ चौरस सेंटिमीटर, पंख ताणण्यास ८९३, जागच्या जागी वळण्यास १२७२ आणि पंख फडफडविण्यास १८७६ चौरस सेंटिमीटर जागा लागते असे आढळले. वाचकांनी हे आकडे ध्यानी ठेवावेत, म्हणजे पुढे सांगावयाच्या कायद्याची पारख करता येईल.

आपल्या देशात प्राण्यांस निर्दयपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याच्या अकराव्या कलमात, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा अपराध ठरविला आहे. तरीही अंड्यांच्या धंद्यात तारेचे पिंजरे सर्रास चालत राहिले. जुलै २०१७ मध्ये विधी आयोगाने आपला २६९ वा अहवाल ह्याच विषयावर दिला व नियमांचा मसुदा त्यास जोडला. अखेर २०२३ साली अंडी देणाऱ्या कोंबड्यांविषयीचे नियम प्रसिद्ध झाले आणि दर कोंबडीस किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरली. आपण कचेरीत वापरतो तो ए-चार आकाराचा कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरांचा असतो. म्हणजे कायद्याची कोंबडी एका कागदावरही पुरती मावत नाही. उभी राहील, पण वरील मापाप्रमाणे पंख ताणू शकणार नाही. युरोपातील राष्ट्रसंघाने साध्या पिंजऱ्यांसाठी हाच ५५० चा आकडा २००३ पासून लागू केला होता व १ जानेवारी २०१२ पासून ते पिंजरेच बंद केले. त्यांनी जो आकडा उतरणीची पायरी म्हणून वापरला, तो आपण मुक्कामाचे ठिकाण मानू नये, असे आमचे मत आहे. तथापि काहीच नियम नसण्यापेक्षा हा बरा, हेही कबूल केले पाहिजे.

हे नियम अंड्यांच्या कोंबड्यांपुरते आहेत. मांसासाठी वाढविलेले ब्रॉयलर पक्षी त्यांत येत नाहीत. पिंजरा नाही म्हणून ब्रॉयलर सुखी, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंवर जाणाऱ्या ह्या जातीचे मांस इतके झपाट्याने वाढते की पाय व हृदय मागे पडतात. इंग्लंडात ब्रिस्टल येथे लंगड्या व धडधाकट पक्ष्यांपुढे दोन प्रकारचे खाद्य ठेवण्यात आले, एक साधे व दुसरे वेदनाशामक औषध मिसळलेले. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचे खाद्य अधिक उचलले, आणि लंगडेपणा जितका जास्त तितके ते अधिक खाल्ले. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुक्या प्राण्यास दुखते की नाही, ह्या शंकेस ह्याहून स्पष्ट उत्तर आम्हांस माहीत नाही.

आता ह्यात शेतकऱ्याच्या हाती किती आहे? कंत्राटी पद्धतीत पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, जात कंपनीने निवडलेली. शेड, वीज, पाणी व मजुरी मात्र शेतकऱ्याची. मेहनताना वजनावर व मरतुकीवर ठरतो. अशा स्थितीत पक्ष्याच्या हालाचा सगळा दोष शेडवाल्याच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. ब्रॉयलरसाठी नियम होतील तेव्हा जात व पिल्लांची संख्या ठरविणाऱ्यावरही जबाबदारी असली पाहिजे. तोवर जे आपल्या हाती आहे ते मात्र करावे.

त्यांत पहिली बाब उन्हाळ्याची. कोंबडीस घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते व श्वासावाटे पाण्याची वाफ सोडून अंग निववते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ही वाफ नीट होत नाही, म्हणून देशावर जे ऊन पक्षी सोसतो ते येथे त्याचा जीव घेते. देशावरचे पाहून शेडमध्ये पाणी फवारण्याने येथे दमटपणा वाढून उलटच परिणाम होण्याचा संभव असतो. येथे खरा उपाय वाऱ्याचा. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, बाजू मोकळ्या असाव्यात, छपराच्या पाख्या रुंद असाव्यात, पत्र्यावर पेंढा घालावा किंवा चुना लावावा. दुपारच्या चार-पाच तासांत खाद्य उचलून घ्यावे व गार पाणी मात्र कधीही तुटू देऊ नये. एप्रिल-मेच्या खेपेत पिल्ले कमी घेण्याचा आग्रह कंपनीपाशी धरावा. धापा टाकण्याने रक्तातील कर्बवायू घटून अंड्याचे कवच पातळ होते, हेही अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पावसाळ्यात भीती ओल्या गादीची. आपल्याकडे भाताचे तूस मुबलक असल्याने गादीस तेच घालतात व ते उत्तमही आहे. पण ते भिजून विष्ठेशी कुजू लागले की अमोनिया सुटतो, पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात, पायास फोड येतात आणि रक्ती हगवण शिरते. ह्याची परीक्षा उभ्याने करू नये. गुडघे टेकून नाक कोंबडीच्या डोक्याइतके खाली न्यावे. तेथे डोळ्यांस झोंबले तर तूस त्याच दिवशी हलवावे, ओली जागा काढून टाकून कोरडे घालावे. पाण्याची गळकी भांडी हे बहुतेक ओलीचे मूळ असते.

पक्षी उचलण्याच्या रात्री चार-चार पायांस धरून उलटे लोंबकळत नेण्याची चाल आहे, ती सोडावी. त्याने पंख मोडतात व मांसावर रक्ताचे काळे डाग पडतात. मंद उजेडात, दोन्ही हातांनी अंगास धरून खोक्यात ठेवण्यास वेळ अधिक लागतो, हे खरे.

परसातील गावठी कोंबड्यांस जागेची वाण नाही. त्या उकरतात, धुळीत लोळतात, फांदीवर बसतात. त्यांचा वैरी मानमोडी. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असता लासोटा लसीचा थेंब डोळ्यात व पुढे सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी लस, एवढ्याने बराच बचाव होतो. रात्री डालग्याखाली कोंबताना वारा खेळेल व मुंगूस शिरणार नाही असे पाहावे.

मोकळ्या पक्ष्यांस एक धोका मात्र आमच्या भागात विशेष आहे. पाणजे व उरणच्या पाणथळींवर हिवाळ्यात परदेशी पाणपक्षी उतरतात, आणि रानटी पाणपक्षी पक्ष्यांच्या फ्लूचे वाहक असू शकतात. महाराष्ट्रात हा रोग प्रथम २००६ साली नवापुरास आला. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्या चिरनेरासच आढळला, त्या १९३० च्या जंगल सत्याग्रहाच्या चिरनेरास. म्हणून ऑक्टोबरापासून थंडी सरेपर्यंत कोंबड्या पाणथळीकडे जाऊ देऊ नयेत, त्यांस पाणी घरचे द्यावे व बदकांबरोबर ठेवू नये. अंगण जाळीने बंद केले तरी आत उकरण्यास माती व बसण्यास आडवे बांबू असले की पक्षी रमतो.

एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या खाडीत टाकू नयेत, विकूही नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ वर्दी द्यावी. सरकारी नुकसानभरपाई नियमाप्रमाणे मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची मिळत नाही, त्यामुळे वर्दीस एक दिवस उशीर झाला तर तेवढ्या दिवसाचे पक्षी हिशेबातून गेले असे समजावे.